जाहिराती बंद करून मिळतील

मी दुकान टाकलं तेव्हा लोक बंद पडलेली वस्तू आणायचे आणि म्हणायचे, "शेखभाई, एवढं चालू करून द्या." आधी रेडिओ आणि टेप, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, मग मोबाईल. अख्खी हयात मी बंद पडलेलं चालू करण्यात घालवली. आता साठीला टेकलो, तर धंद्याने अशी काही कोलांटी मारली आहे की धडधाकट चालणारा मोबाईल माझ्यापुढे ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, "एवढं बंद करून द्या."

बंद काय करायचं? तर जाहिराती.

कोपरगावात एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. वर 'मोबाईल व कॉम्प्युटर रिपेअरिंग' असा जुना बोर्ड, आणि खाली काचेवर माझ्या मुलीने चिकटवलेला कागद : 'जाहिराती बंद करून मिळतील.' जाहिराती बंद करण्याची जाहिरात करणारा तालुक्यात मी एकटाच असेन. या कागदाने मला नाव दिलं, शिव्या दिल्या, आणि एका मुलीच्या परीक्षेत नको तेवढं अडकवलं. सांगायची आहे ती मुख्यतः त्या मुलीचीच हकिगत. बाकीचं तोंडी लावायला.

ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मोबाईलवर एखादं पान उघडलं की ते एकटं येत नाही. आपण एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने भाऊबंद, सोयरे, वाटेत भेटलेला विमा एजंट, सगळ्यांना घेऊन यावं, तसं ते येतं. दारात उभं राहून "तुम्ही या, बाकीच्यांनी बाहेर थांबा" असं म्हणणारा जो असतो, तो ॲडब्लॉकर. दुसरा प्रकार बाहेरच्या ॲपचा. व्हिडिओ मोठ्या कंपनीचेच, पण ते दाखवणारं दुकान कोणा तिसऱ्याने काढलेलं. मार्केट यार्डातलाच गहू गल्लीतला किराणावाला आपल्याला गर्दी-गोंगाटाशिवाय मोजून देतो, तसंच. कंपन्यांनी बरीच वर्षं याकडे काणाडोळा केला. त्या वर्षांत माझं बरं चाललं होतं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते देवळातून. आमच्या जवळच्या एका गावात सोपानराव म्हणून गृहस्थ आहेत. ते देवळाचे पुजारी नव्हेत, देवळाच्या भोंग्याचे पुजारी. रोज पहाटे आपला मोबाईल भोंग्याच्या मशीनला जोडायचा आणि अभंग लावून सगळ्या गावाला उठवायचं, हे त्यांचं व्रत. एके दिवशी गायक ऐन आळवणीत असताना अभंग मध्येच तुटला आणि एका बाईचा मधाळ आवाज शिवारभर घुमला : "लग्न जमत नाहीये? मनासारखं स्थळ मिळत नाहीये?"

मग कुठल्याशा अंगणातून, गोधडीच्या आतून, उत्तर आलं : "न्हाई ना, देवा!"

हसून हसून गावाची पुरेवाट झाली. पण हसणाऱ्यांत निम्मी घरं अशी, की ज्यांचा मुलगा पस्तिशीला आला तरी त्याला कोणी मुलगी देत नाही, कारण तो शेती करतो. त्या बाईने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं, आणि तेही देवळाच्या कळसावरून. सोपानराव मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. "शेखभाई, देवाच्या तोंडी हे बरं दिसतं का?" मी त्यांना बाहेरचं ॲप टाकून दिलं. त्या दिवसापासून देवळाची पहाट शुद्ध झाली. ती एका शेखाने करून दिली म्हणून कोणाचं सोवळं मोडलं नाही. गरज असली की आपल्याकडे सगळे समंजस असतात.

मग एक पुढारी आले. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक तालुक्यात एक असतो. वाढदिवसाच्या महिन्यात त्यांनी पैसे टाकून स्वतःचा व्हिडिओ असा काही सोडला होता की तालुक्यात कोणीही काहीही उघडलं तरी आधी दादा हात जोडून उभे. त्यांची जाहिरात बंद करून घ्यायला माझ्याकडे माणसं आली होती. आणि त्याच आठवड्यात दादा स्वतः. "शेखभाई, लई वात आणलाय या जाहिरातींनी. सगळ्या बंद करा," असं म्हणून जरा थांबले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझी तेवढी ऱ्हाऊ द्या." ते काम मात्र मला जमलं नाही. ॲडब्लॉकरला पक्ष कळत नाही.

ही सगळी हौसेची गिऱ्हाईकं. जाहिरात आली काय आणि न आली काय, त्यांचं काही अडत नव्हतं. कोमलचं अडत होतं.

कोमल पुणतांब्याला मामाकडे राहते. आई-वडील पाथर्डीकडचे, हंगामात उसाच्या फडावर आणि हंगाम संपला की कोरड्या शेतावर. मुलगी जन्मापासून आंधळी. फडावर कुठे ठेवणार, म्हणून मामाकडे ठेवलेली. मामा, बाळासाहेब, माणूस वाईट नाही. भाचीला त्यांनी बी.ए.पर्यंत शिकू दिलं. नंतर तिने बँकेच्या क्लार्कची परीक्षा द्यायचं काढलं तेव्हा मात्र त्यांनी सांगून टाकलं : ही एक परीक्षा दे, नाही झाली तर जे स्थळ येईल ते मुकाट्याने करायचं. म्हणजे इतरांना परीक्षेत नोकरी मिळणार होती की नाही एवढाच प्रश्न होता. हिला त्या एकाच पेपरात पुढचं सगळं आयुष्य सोडवायचं होतं.

ती पहिल्यांदा दुकानात आली मामीचा हात धरून. मोबाईल माझ्यापुढे ठेवला. बघतो तर पडदा काळाकुट्ट, आणि आतून कोणीतरी चिमणीसारखं चिवचिवतंय. मी अनुभवी माणसाच्या थाटात निदान केलं, "डिस्प्ले गेलाय. आणि स्पीकर पण फाटलाय. दोन्ही बदलावे लागतील."

"चाचा," ती म्हणाली, "डिस्प्ले हाय. मीच काळा करून ठिवलाय. मला काय करायचाय उजेड? नुसती बॅटरी खातो."

"आणि हा आवाज?"

"तो मोबाईल मला वाचून दाखवतोय. तिप्पट येगात लावलाय. तुमी बोलता तसं हळू लावलं तर मला मधीच झोप यील."

नाव कोमल, पण जीभ कातरीसारखी. एवढ्या वर्षांत न बिघडलेला मोबाईल दुरुस्त करायला निघालेला मी पहिल्यांदाच पकडला गेलो. मामी पदर तोंडाला लावून हसत होती.

तिची अडचण वेगळी होती. पुण्यातले एक सर बँकेच्या परीक्षेचे सगळे धडे त्या मोठ्या व्हिडिओ कंपनीवर फुकट टाकत. धडे उत्तम. पण कंपनीच्या ॲपमधल्या निम्म्या बटणांना नावंच दिलेली नव्हती. डोळसाला चित्र दिसतं, त्याला नाव लागत नाही. कोमल पडद्यावर बोट फिरवायची आणि मोबाईल सांगायचा : बटण, बटण, बटण. कुठलं थांबवायचं, कुठलं मागे न्यायचं, देव जाणे. मी तिला बाहेरचं एक ॲप टाकून दिलं. परदेशातल्या कोणा पोरांनी ते फुकट बनवलं होतं. त्यात प्रत्येक बटणाला नाव होतं, वेग हवा तेवढा वाढवता यायचा, आणि जाहिरात औषधालाही नव्हती. तिने दुकानातच ते लावून पाहिलं. सर तिप्पट वेगात व्याजाची गणितं सांगत होते, मला एक अक्षर लागत नव्हतं, आणि ही मान डोलावत होती.

पुढचे कित्येक महिने तिचा फोन आला नाही. माझ्या धंद्यात फोन न येणं ही सर्वांत मोठी शाबासकी असते.

मग कंपनीने दारं लावून घेतली.

एका सकाळी दुकान उघडायच्या आधीच बाहेर रांग. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि पडद्यावर सभ्य भाषेत धमकी : तुम्ही जाहिराती अडवणारं साधन वापरत आहात असं दिसतं. ते काढा, नाहीतर व्हिडिओ बंद. किंवा पैसे भरा आणि शांतपणे बघा. म्हणजे आधी घरात ढोल वाजवायचा आणि मग ढोल थांबवायचे पैसे मागायचे. आमच्याकडे लग्नात बँडवाले पुढे सरकायला असेच अडून बसतात. पण ते निदान नाचवतात तरी.

रांगेतला प्रत्येक जण माझ्यावर असा डोळे वटारून उभा होता की जणू कंपनी माझीच. "तुमीच टाकून दिल्तं ना?" "गॅरंटी हुती का न्हाई?" सोपानराव तर पहाटेपासून कोपलेले. त्या बाईने पुन्हा कळसावर चढून सबंध गावाला स्थळ विचारलं होतं. मी काही दिवस उंदीर-मांजराचा खेळ खेळून पाहिला. इकडून भोक पाडावं, तर चार दिवसांत तिकडून अपडेट यावं आणि भोक लिंपलं जावं. त्यांच्याकडे हजारो इंजिनिअर, माझ्याकडे चिकटलेले पार्ट सोडवायची एक हीट गन आणि चष्मा.

खोटं कशाला बोलू, कंपनीची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही. माझा मेव्हणा शेळीपालनाचे व्हिडिओ टाकतो. त्या जाहिरातींतूनच त्याच्या हाती काही पडतं. माझ्या काचेवरचा कागद वाचून तो एकदा म्हणाला, "भाईजान, शेळीला चारा मी घालायचा, तिला नटवून कॅमेऱ्यापुढे मी उभी करायची, आणि तुम्ही इथे बसून माझ्या पोटावर पाय द्यायचा?" त्याचं बरोबर होतं. मी चहा मागवला. पण कंपनीने दार लावलं ते मेव्हण्याच्या शेळ्यांसाठी लावलं, हे मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. आणि लावताना आत-बाहेर कोण अडकलं, हे कोणी वळूनही पाहिलं नाही.

कोमलचा फोन आला. "चाचा, ॲप मेलं."

परदेशातल्या त्या पोरांनी हात टेकले होते. बाहेरच्या कोणालाही आता कंपनीचे व्हिडिओ मिळणार नव्हते. परीक्षा तोंडावर आलेली. मी तिला कंपनीचंच ॲप पुन्हा लावून दिलं. दुसरं होतं काय माझ्याकडे? तिने बटणांच्या जागा पाठ करायला घेतल्या. उजवीकडे इतक्या वेळा बोट सारलं की थांबा, आणखी एकदा सारलं की मागे, आणि दाबायचं म्हणजे दोनदा ठोकायचं. डोळस माणूस बघतो. ती बोटाने पाठांतर करते. ही तिची कामाची रीत, आणि तिने ती जमवलीही असती. पण जाहिरात आली की सगळी बटणं जागा सोडून पळायची. शिवाय जाहिरातही बोलते आणि मोबाईलही बोलतो. सासू आणि सून एकाच वेळी तावातावाने बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याला जेवढं कळतं, तेवढंच तिला कळायचं. एकदा अशीच जाहिरात चालू असताना, जिथे 'थांबा' असायचं तिथे बोट टेकवून तिने दोनदा ठोकलं. पुढे काहीतरी विचारलं, ते 'ठीक आहे' असेल म्हणून आणखी दोनदा ठोकलं.

आणि कोमलने लग्नासाठी नाव नोंदवलं.

तीच ती मधाळ बाई. नोंदणी झाली, मोबाईलने नंबर आपणहून भरला, आणि दुसऱ्या दिवशी लग्न जुळवणाऱ्यांचा फोन आला. तो उचलला मामीने. "आपल्या मुलीने आमच्याकडे नाव नोंदवलं आहे, अभिनंदन!" घरात जो काही स्फोट झाला तो मी नंतर ऐकला. मामा म्हणाले, "तोंडानं अभ्यास म्हनायची आन आतून लगीन! मला सांगायचं ना, मी काय नगं म्हनलो असतो?" पोरगी कानीकपाळी ओरडून सांगत होती की मी नाही केलं, मोबाईलमधल्या जाहिरातीने केलं. यावर विश्वास कोण ठेवणार? आणि विश्वास न ठेवण्यातच सगळ्यांची सोय होती, कारण आठ दिवसांच्या आत गंगेपलीकडचं, म्हणजे गोदावरीच्या पलीकडच्या काठचं, स्थळ चालून आलं. बागायती जमीन, विहीर, स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर. सगळं होतं, फक्त नवरी मिळत नव्हती.

"चाचा, रविवारी पाव्हने येत्यात," कोमल फोनवर म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "मोबाईलनं काय केलं ते तुमी येऊन सांगा. माझं कोन ऐकंना. परीक्षा ऱ्हाईली बाजूला, साखरपुड्याची तारीख काढाय निघालेत."

मी गेलो. हत्यारांची पिशवी घेऊन गेलो, म्हणजे पाहुण्यांना वाटावं कशाच्या तरी दुरुस्तीला आलोय. मामांनी मला बसायला सांगितलं, कारण दारात आलेल्या माणसाला पोहे द्यायची त्यांची पद्धत मोडत नाही.

मुलगा एका कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. चाळिशीकडे झुकलेला, भला माणूस दिसत होता, आणि कोमलपेक्षा तोच जास्त घाबरलेला होता. बोलत होते त्याचे वडील, आप्पा. डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणं, आणि स्वतः सरपंच राहून गेल्याचा आवाज.

"दिसत न्हाई म्हंजे किती दिसत न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"काहीच न्हाई," कोमल म्हणाली.

"भाकरी येती?"

"येती."

"चालून दाखव बरं."

ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जनावराच्या बाजारात दात बघतात ते निदान जनावराला समजत नाही.

मी घसा साफ केला आणि सांगितलं की पोरीने नाव नोंदवलं नाही, जाहिरातीवर चुकून दोनदा-दोनदा असं चार वेळा बोट पडलं. आप्पा हसले. "मिस्त्री, बोट चुकून पडतंय? ते बी चार येळा? आमी काय येडे हाय?"

"तुमचा मोबाईल द्या," मी म्हणालो.

मी आप्पांच्याच मोबाईलमधलं बोलायचं सेटिंग चालू केलं, पुण्याच्या सरांचा धडा लावला आणि म्हणालो, "आता उपरण्याने डोळे बांधा. जाहिरात आली की ती बंद करून दाखवा. बंद झाली तर तुम्ही म्हणाल ती तारीख." मामा मध्ये पडणार होते, पण माजी सरपंचाला आव्हान दिल्यावर तो मागे हटतो का? आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे बांधले.

सरांनी "नमस्कार विद्यार्थी मित्रांनो" म्हणायच्या आत बाई हजर झाली. "लग्न जमत नाहीये?" खालून मोबाईल ओरडायला लागला : बटण, बटण, चित्र, बटण. आप्पा बोट आपटत सुटले. "हे कोन बोलतंय? आन हे कोन? ए, गप की!" बाई काही गप बसेना. आप्पांनी रागाने दोनदा ठोकलं, मग आणखी दोनदा, आणि बाई अचानक थांबली. आप्पांनी विजयाने उपरणं सोडलं. "झाली का न्हाई बंद?"

मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर फुलांच्या माळेत लिहिलं होतं : अभिनंदन! आपली नोंदणी झाली आहे.

आतल्या खोलीत मामीच्या हातातली ताटली पडली. नवरा मुलगा पहिल्यांदा वर बघून हसला, आणि हसला तेव्हा चांगला दिसला. आप्पांनी टोपी घातली. "हितं काय आपलं जमायचं न्हाई," ते उठता उठता म्हणाले, "ही पोरगी घरात आली तर आमालाच चालवंल." पुढचे काही दिवस त्यांना विधवा आणि घटस्फोटित स्थळांचे फोन येत होते असं कळलं. ते मला त्यांच्या सौभाग्यवतींनीच फोन करून कळवलं, आणि माझ्या सात पिढ्यांचीही विचारपूस केली.

मामा पाहुण्यांना दारापर्यंत सोडून आले. मग म्हणाले, "परीक्षा तेवढी दे." तेवढी, यावर जोर होता.

परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. मी कंपनीला पैसे भरून कोमलच्या मोबाईलवरच्या जाहिराती बंद करून घेतल्या. इतकी वर्षं कंपनीला दमडी न देता जाहिराती बंद करणाऱ्या माणसाने शेवटी त्यांच्याच गल्ल्यावर डोकं टेकलं. माझ्या कागदाची एवढी नाचक्की कधी झाली नव्हती. बाई गेली, पण बटणं तशीच निनावी. धडे डाउनलोड करून मोबाईलमध्ये उतरवून घ्यायची सोय होती, पण उतरवलेलं ऐकायलाही तेच ॲप आणि तीच बटणं. तिप्पट वेग तर त्यात नव्हताच. जे ती एका सकाळी ऐकून संपवायची, त्याला तिला दिवस पुरेना.

परीक्षेचं केंद्र नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला होतं. पेपर देऊन आल्यावर तिने फोन केला आणि म्हणाली, "जे ऐकून झाल्तं ते सगळं आलं. जे ऐकायचं ऱ्हाईलं हुतं तेच इचारलं." निकाल लागला. अगदी थोडक्यात गेली. मला राग आला आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना. समोर कोणी असतं तर चार शिव्या तरी हासडल्या असत्या. कंपनीला तोंडच नसतं.

पुढच्या आठवड्यात मामा कोमलला घेऊन दुकानात आले. स्टुलावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेखभाई, हिचा मोबाईल काढून ठिवा. बटनाचा साधा डबडा फोन द्या. फोन आला-गेला की बास. झाली परीक्षा. दुसरं स्थळ बघतोय मी."

कोमलने मोबाईल दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी शोकेसमधून साधा फोन काढला, काचेवर ठेवला, आणि चार्जर शोधायला मुद्दाम वेळ लावला.

"मामा," ती म्हणाली, "एक काम करू द्या. मग काढून घ्या."

"कसलं काम?"

"तक्रार करायचीय. कंपनीला."

मामांनी हात उडवला. कर म्हणाले. तिने कंपनीचं तक्रारीचं पान शोधून काढलं आणि मोबाईल तोंडाजवळ धरून, आपल्या भाषेत, सांगायला सुरुवात केली : "तुमचं ॲप मला वाचता येत न्हाई. ज्याचं वाचता येत हुतं, ते तुमी बंद केलं. माझी परीक्षा गेली. जाहिराती लावा, नगं म्हनत न्हाई. पन बटनांना नावं द्या." एवढंच. मी असतो तर दोन पानं लिहिली असती आणि मुद्दा विसरलो असतो.

तिने पाठवायचं बटण ठोकलं. मोबाईल म्हणाला : चित्र, चित्र, चित्र, चित्र.

"काय झालं, चाचा?"

मी वाकून वाचलं. मला ते मोठ्याने सांगायची लाज वाटली. "तुम्ही माणूस आहात की यंत्र, याची खात्री करायची आहे म्हणे. ज्या चित्रांत सिग्नल दिसतो ती निवडा."

"म्हंजे?" मामा स्टुलावरून उठले. "मानूस न्हाई तर काय बैल तक्रार करतोय? आन दिसत न्हाई म्हनून तर करतीय ना ती?"

"मी निवडून देतो," म्हणून मी बोट पुढे केलं.

"तुमी नका दाबू," कोमल म्हणाली. "मानूस हाय का असं मला इचारलंय. तुमाला न्हाई."

ती पडद्यावर बोट फिरवत राहिली. मामा तिच्या बोटाकडे बघत होते. कुठेतरी खालच्या कोपऱ्यात 'ऐकून ओळखा' असं एक बटण निघालं. त्याला चुकून नाव दिलेलं होतं. तिने ते ठोकलं. आतून खरखर, शिट्ट्या, आणि त्या गदारोळात बुडालेला कोणीतरी इंग्रजीत आकडे पुटपुटत होता. मला एकही कळला नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. कोमलने एकदाच ऐकलं आणि आकडे भरले.

मोबाईल चिवचिवला. तिने त्याचा वेग कमी केला. माझ्या देखत पहिल्यांदाच कमी केला, आमच्यासारख्यांना कळेल इतका, आणि ते वाक्य पुन्हा लावलं. मोबाईल सावकाश, स्पष्ट म्हणाला : "आपण माणूस असल्याची खात्री झाली आहे."

"ऐकलं, मामा?" कोमल म्हणाली. "कंपनीला पटलं. तुमाला कवा पटायचं?"

मामांनी काचेवरचा साधा फोन दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

"हे ठिवा आत," ते म्हणाले. "चल गं, एसटी लागली असंल."

कोमलने मोबाईल ओढणीत धरला आणि मामाच्या दंडाला हात लावून निघाली. दोघं रस्त्यापलीकडे जाईपर्यंत मी बघत होतो. स्टँडच्या गोंगाटात मामाचा आवाज खालीच होता, पण मला ऐकू आला.

"पुढली परीक्षा कवा हाय म्हनलीस?"